उजूच्या डोळ्यांतले तांबे

नव्या साडीची घडी मोडताना होणारा तो हलका, फडफडता आवाज कानी आला, की मला माझी धाकटी बहीण उजू दिसते. गुलमंडीच्या बाजारपेठेतल्या एका कापडदुकानात ती गादीवर बसायची. दिवाळीच्या आधीच्या दुपारी तिरपे ऊन दुकानाच्या पायरीशी येऊन थबके आणि उजू मनगटाच्या एका झटक्यात साडी अशी उलगडी, की जांभळा प्रकाश जमिनीवर सांडावा. जीभही हातांइतकीच चपळ. "मावशी, नेसून तर बघा! काका वळखायचे नाय तुम्हाला!" असे ती म्हणाली, की कपाळाला आठ्या घालून आलेली बाईसुद्धा हसत पायरी उतरे.

मग एका हिवाळ्यात ते हात कापू लागले. आधी चहाचा कप हिंदकळला, मग साड्यांच्या घड्या विस्कटू लागल्या. शब्द जिभेवर जड होऊन लोळू लागले. ऐन तारुण्यातली पोर! कुणी म्हणाले, मनावर ताण असेल. कुणी म्हणाले, लग्न लावून द्या. कन्नडहून आलेल्या एका चुलतीने तर लिंबूही उतरवून टाकले. उजूने काम सोडले. तिच्या बडबडीने दुमदुमणाऱ्या आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

अखेर मेंदूच्या विकारांच्या एका डॉक्टरीणबाईंनी अगदी अनपेक्षित प्रश्न विचारला, "हिला लहानपणी कावीळ झाली होती का?"

आई चमकली. "झाली व्हती. गावाकडं औषध दिलं, तर उतरली."

बाईंनी उजूच्या डोळ्यांत बारीक प्रकाश सोडला आणि मला भिंगातून पाहायला सांगितले. बुबुळाच्या काठाने एक सोनेरी, तांबूस कडे झळकत होते. ते सुंदर होते. म्हणूनच मला त्याची अधिक भीती वाटली. अन्नातून येणारे तांबे उजूच्या शरीराला बाहेर टाकता येत नव्हते. जन्मापासून ते कणाकणाने आधी यकृतात, ती कावीळ त्याचीच, मग मेंदूत आणि डोळ्यांत साचत गेले होते. आजार दुर्मीळ, पण औषध होते, जन्मभर घ्यायचे.

आई रोज तांब्याच्या हंड्यातले पाणी आम्हाला कौतुकाने पाजायची. तिला तो हंडाच आठवला. "मीच पाजलं गं लेकराला इख!"

"नाही हो," बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दोष हंड्याचाही नाही आणि तुमचाही नाही. हे जन्मतःच येतं." सख्ख्या भावंडांनाही हा आजार असू शकतो, म्हणून माझीही तपासणी झाली. मी सुटले, आणि सुटल्याचा आनंद उजूसमोर कसा दाखवावा, ते मला कळेना.

औषध सुरू झाल्यावर कंप आधी वाढलाच. एके दिवशी उजूने गोळ्या भिरकावल्या. "न...को," एवढेच कसेबसे फुटले. जमिनीवर बसून आईने एकेक गोळी वेचली, नवी काढून तळहातावर धरली आणि तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने उजूने तो तळहात आपल्या तोंडाशी ओढला.

ऋतू पालटत गेले. उन्हाळ्यात तिच्या हातात पाण्याचा पेला स्थिरावला. पुढच्या थंडीत ती स्वतःची वेणी घालू लागली. आणि एका सकाळी दारात भाजीवाल्याशी तिचा खणखणीत आवाज चढला, "ही काय मेथी हाय व्हय, दादा? सगळी पिवळी पडली!"

स्वयंपाकघरातून आई पिठाच्या हातांनी माझ्याकडे धावत आली. "आक्के, ऐकलं का? भांडली! माझी पोरगी भांडली!" बिचारा भाजीवाला गोंधळला, आईने त्याची ती पिवळी मेथी सगळीच घेतली.

गेल्या महिन्यात आम्ही एसटीने कन्नडला निघालो होतो. शेजारच्या अनोळखी बाईने उजूच्या बोटांतली उरलीसुरली थरथर पाहून हळूच विचारपूस केली, तर उजूने आपले यकृत, मेंदू, डोळे सगळे तिच्यापुढे मांडले, वर तिच्या सुनेचा स्वभावही जाणून घेतला. स्थानक आले, तरी तिचे संपेना. "ताई, उतरता का परत नेऊ माघारी?" कंडक्टर ओरडला.

ती मुकी वर्षे काळ काही पुसून टाकणार नाही. माझ्या स्मृतीत ती अजून दाराशी उभीच असतात. पण उजू बोलू लागली, की त्यांना आत येऊन बसायला जागाच उरत नाही.