मॅटिनीला गेलेली स्कूटर

मी जिन्याखालची निळी स्कूटर. इंदौरला छत्रीबागेत, एका दुमजली घराच्या जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी असते. कोणी विचारलं नाही, तरी सांगते आहे. आता नाही सांगितलं तर राहून जाईल.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यातला. तेव्हा स्कूटर हवी असली तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. देवदत्तजींनी लग्नाआधी नाव नोंदवलं आणि मी घरी आले तेव्हा त्यांची लेक अबोली चालायला लागली होती. ते विजेच्या ऑफिसात होते. तिथे सगळे त्यांना देवदत्तजी म्हणत, म्हणून मीही म्हणते. शोरूममधून त्यांनी मला थेट बड़ा गणपतीला नेलं. त्यांच्या बायकोने, लीलाताईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि पदराने माझा आरसा पुसला. या बाईंशी आपलं जमेल, असं मला तेव्हाच वाटलं.

आमची बैठक ठरलेली होती. पुढे अबोली उभी, मध्ये देवदत्तजी, मागे लीलाताई एका बाजूला पाय सोडून. सुरू होण्याआधी मला एका कुशीवर तिरकं करावं लागे, मगच किक लागे. लीलाताई हसून म्हणत, "हिचे आधी लाड करा, मग ही चालेल." शाळा, भाजी, लग्नकार्यं, पाहुणे, सगळं माझ्यावरून झालं. पण एक दुपार बाकी सगळ्यापेक्षा जास्त आठवते.

अबोली तेव्हा तिसरीत होती. लीलाताईंच्या पोटात गाठ निघाली. काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुजबुज सुरू झाली. आई उज्जैनला मावशीकडे जाणार आहे, असं अबोलीला सांगायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी ती उठायच्या आत लीलाताई बॅग घेऊन खाली आल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू पोरीजवळ थांबल्या.

माझ्यावर बसताना लीलाताई नवऱ्याला म्हणाल्या, "मला आत नेलं की तुम्ही तिथे बसू नका. सुजय आहे ना. तुम्ही घरी या आणि तिला कुठेतरी फिरवून आणा. हसत ठेवा तिला. आणि तिच्यासमोर रडायचं नाही."

"नाही रडणार."

"तुमचा भरवसा नाही. तुम्ही तर लोकांच्या लग्नात रडता."

देवदत्तजींनी मला तिरकं करून किक मारली. त्या दिवशी त्यांनी मला इतकं हळू चालवलं की सायकलवाले पुढे निघून गेले.

लीलाताईंना आत नेलं. त्यांचा धाकटा भाऊ सुजय बाहेर थांबला आणि देवदत्तजी घरी आले. "चल, पिक्चर पाहू," ते लेकीला म्हणाले. शाळा बुडवून पिक्चर, तेही बाबांबरोबर. अबोली उड्या मारत पुढे उभी राहिली. कृष्णपुऱ्याच्या अलीकडे तेव्हा एक टॉकीज होतं. आता तिथे साड्यांचं दुकान आहे. बाहेर तोबा गर्दी होती. कुठला पिक्चर आहे हे देवदत्तजींनी पाहिलंच नाही. मी पाहिलं. मोठ्या बोर्डावर एक विहीर रंगवली होती आणि विहिरीतून एक पांढराफटक हात वर आला होता. तो पिक्चर त्या वर्षी गावभर गाजत होता. थिएटरात बायका बेशुद्ध पडतात, असं लोक सांगत.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "भिया, बच्ची डर जाएगी."

"दो बालकनी," देवदत्तजी म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं.

मी स्टँडवर इतर गाड्यांच्या रांगेत उभी राहिले. पिक्चर काही मी पाहिला नाही. पण भिंतीपलीकडून शेकडो माणसं एकदम किंचाळली की माझा आरसा थरथरे. आत काय चाललं होतं ते नंतर अबोलीने इतक्यांदा सांगितलं की मला तोंडपाठ आहे. एका गावात एक बाई विहिरीवर पाण्याला जाते आणि परत येत नाही. तिची लहान मुलगी रोज संध्याकाळी दोन ताटं वाढून बसते.

नेमका हाच पिक्चर त्यांच्या वाट्याला आला.

इंटरवलमध्ये दोघं बाहेर आले. देवदत्तजींनी अबोलीला माझ्या सीटवर बसवलं, हातात समोसा दिला आणि समोरच्या पीसीओतून दवाखान्यात फोन लावला. सुजय फोनवर यायला वेळ लागला. त्याचं म्हणणं मला ऐकू आलं नाही, पण देवदत्तजी एवढंच म्हणाले, "अजून आतच?"

ते परत आले तेव्हा अबोलीने समोसा खाल्ला नव्हता.

"बाबा, आई उज्जैनला गेली तर तिने मला उठवलं का नाही?"

"तू गाढ झोपली होतीस."

"ती तर नेहमी उठवते."

देवदत्तजींनी किल्ली काढली. "चल, घरी जाऊ. पोहे-जिलेबी खाऊ. हा पिक्चर काही चांगला नाही."

"नाही, मला बघायचंय ती परत येते का."

तिने त्यांचं बोट धरून ओढलं. ते पुन्हा आत गेले. दुसऱ्या भागात लोक जास्तच किंचाळले. देवदत्तजींचं काय झालं ते मला दिसलं नाही, पण सुटल्यावर ते आले तेव्हा डोळे लाल होते आणि शर्टाची एक बाही ओली होती. अबोलीने त्यांचा पट्टा गच्च धरला होता. ती नेहमीच्या जागी उभी राहिली नाही.

"बाबा, ती परत आली, पण ती आई नव्हती. तिच्यात दुसरंच कोणी होतं." मग ती अगदी हळू म्हणाली, "आपली आई येईल ती आपलीच असेल ना?"

देवदत्तजींनी मला तिरकं केलं, सरळ केलं, पण किक मारली नाही. मग लेकीसमोर उकिडवे बसले.

"आई उज्जैनला नाही. दवाखान्यात आहे. तिच्या पोटात गाठ होती, ती काढतायत. मी खोटं बोललो."

मला वाटलं पोर आता रडणार. तिने फक्त विचारलं, "मग आपण इथे काय करतोय?"

त्या दिवशी मी जशी धावले तशी पुन्हा कधी धावले नाही.

दवाखान्याच्या फाटकापाशी सुजय वाट पाहत होता. "झालं जिजाजी. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर म्हणतात, साधीच वाटते आहे." लहान मुलांना आत नेत नसत, पण देवदत्तजींनी कोणाला विचारलंच नाही. ते तिला उचलून घेऊन गेले. मी बाहेर कडुनिंबाखाली उभी.

बऱ्याच वेळाने ती मामाच्या कडेवरून खाली आली. "मामा, मी आईला विचारलं, तू चिडलीस की मला काय म्हणतेस? तिला नीट बोलता येत नव्हतं, पण ती म्हणाली, नकटी." मग नाक पुसत तिने निकाल दिला, "तीच आहे."

लीलाताई बऱ्या झाल्या. अबोली मात्र कितीतरी महिने नळाखालच्या बादलीतही वाकून पाहत नसे. भीती गेली तेव्हा त्या दिवसाची तिच्या तोंडी एकच गोष्ट उरली. बाबा भुताच्या पिक्चरला रडले. प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीला ती सांगे, आणि सगळे हसत. सुजय म्हणे, "जिजाजी, वो देखो कुआँ." देवदत्तजी मान हलवत, "हो बाबा, घाबरलो होतो." लीलाताईही पोट धरून हसत. मी अंगणात उभी राहून ऐकत असे. मला बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर त्या ओल्या बाहीबद्दल बोलले असते.

मग माझे दिवस सरले. अबोलीने कार घेतली, देवदत्तजींचे गुडघे धरले, माझा कागदोपत्री काळ संपला. मी जिन्याखाली गेले.

या वर्षी तो पिक्चर पुन्हा लागला. हल्ली जुने पिक्चर नव्याने लावतात. अबोली आई-बाबांना आणि आपल्या संहिताला घेऊन मॉलमध्ये पाहून आली. संध्याकाळी सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले. "आजी, तो हात तर रबराचा होता यार," संहिता हसत होती. "आई, तू या पिक्चरला डरली होतीस?"

"मी आणि आजोबा. आजोबा तर रडले होते."

या वेळी लीलाताई हसल्या नाहीत. त्यांनी पिक्चर पहिल्यांदाच पाहिला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती पोर दोन ताटं वाढते, तिथे रडलात ना तुम्ही?"

देवदत्तजी चष्मा पुसत राहिले.

"मी तेव्हा आत होते. टेबलावर."

"तू म्हणाली होतीस, तिच्यासमोर रडायचं नाही," ते म्हणाले. "तिथे अंधार होता. सगळेच ओरडत होते. म्हटलं, एवढ्या गलक्यात माझं कोणाला कळणार? पण हिला कळलं."

अबोली त्यांच्याकडे वळली. "बाबा, मग मला इतकी वर्षं सांगू का दिलंत? सगळे हसायचे तुम्हाला."

"तू पण हसायचीस ना," देवदत्तजी म्हणाले. "तुला त्या पिक्चरचं हसू यायला लागलं, यातच मला सगळं मिळालं होतं."

संहिताने खुर्ची जवळ ओढली. "मग आजोबा, तुम्हाला भुताची भीती वाटलीच नाही?"

"वाटली की. इंटरवलनंतर तर फारच."

लीलाताईंनी त्यांचा हात हातात घेतला. चारचौघांत त्यांनी असं केलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

माझं म्हणाल तर मला रविवारी भंगारात देणार आहेत. त्याचं वाईट वाटत नाही. मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलेलं, मला बोलता येत नव्हतं ते, या घराने आपणहून बोलून टाकलं. आज सकाळी लीलाताई बादली घेऊन आल्या आणि मला घासूनपुसून धुतलं. "जाणाऱ्याला असं मळकं कसं पाठवायचं?" त्या म्हणाल्या. देवदत्तजी पाणी आणून देत होते.

ऊन छान पडलंय. वाळते आहे. तुम्हीही निघा आता, घरी कोणीतरी तुमची वाट पाहत असेल.