गाळलेल्या नोंदी

तळ्यावरचा बर्फ फुटून कर्स्टन पाण्यात गेली, त्याला सहा दिवस झाले होते. तिचं श्वासयंत्र काढायचं की नाही, ते डॉक्टर उद्या सकाळी दहाला ठरवणार होते. तिच्या बापाला, वर्नला, तिचा मेंदू जागा असल्याचा काहीतरी पुरावा आजच्या आज हवा होता. मेंदूच्या लहरी वाचणारा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिलेला. गावोगावच्या हॉस्पिटलांना चालतो आणि स्वतःच्या लेकीला नाही? असं कसं होईल!

आणि सापडलं की! सपाट रेघांमध्ये अकरा ठिकाणी एकसारख्या, ठसठशीत लाटा. भेटीची वही पाहिली, तर अकराही वेळा पोरीची आई मेरीबेथ उशाशी होती.

"आईला ओळखते ती!" लॅपटॉप घेऊन वर्न धावतच फिलोमिनाकडे गेला. रुग्णांच्या डोक्याला तारा चिकटवण्यात तिची तीस वर्षं गेलेली.

फिलोमिनानं बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "माझ्या नोंदी कुठायत रे यात?"

"कसल्या नोंदी?"

"खाटेपाशी बसून टाइप करते त्या. खोकला आला, नर्सनं कूस बदलली, असल्या."

"त्या प्रोग्रॅम गाळून टाकतो. कचराच असतो गं तो."

"कचरा होय? बरं बाबा. उघड तुझा कचरा."

त्यानं मूळ फाइल उघडली. पहिल्या लाटेवर लिहिलं होतं: आई थोपटतेय. दुसरीवरही तेच. अकराही ठिकाणी तेच. अशी नोंद नसलेली एखादी बारावी लाट असेल म्हणून वेड्यासारखा तो खाली शोधत राहिला.

"थोपटलं की उशी हलते, आणि उशीबरोबर तारा," फिलोमिना हळूच म्हणाली. "खाटेपाशी बसलं की कळतं रे."

वर्न सहा दिवसांत तिथे बसलाच नव्हता.

तो वर गेला तेव्हा मेरीबेथ पोरीचा खांदा थोपटत होती. पडद्यावर लाटा चालल्या होत्या.

"बघ, कशी बोलतेय माझ्याशी! उद्या डॉक्टरांना दाखवशील ना?"

"मेरी, हात काढ जरा."

तिनं काढला. रेघा सपाट झाल्या. आता सांगायलाच हवं होतं.

"दमलं गं माझं पिल्लू," मेरीबेथ म्हणाली.

वर्न खाटेवर टेकला. त्यानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटायला लागला. लाटा उठल्या.

"अरे, तुलाही ओळखलं तिनं!" मेरीबेथ रडत हसली.

वर्नला हात थांबवता येईना.