बाळ्याच्या सहा गोष्टी

दुसऱ्याला मदत करण्याची ओढ माणसाच्या मनात, त्याच्याही नकळत, किती असते, हे मोजायचं काम ताई करायची. नोकरीच होती ती. समोरच्याला सहा चित्रं द्यायची, प्रत्येकावर पाच मिनिटांत गोष्ट लिहून घ्यायची आणि मग नियमांची वही उघडून, गोष्टीतलं कोण कुणासाठी धडपडतंय ते शोधून गुण द्यायचे. तोंडाने माणूस काहीही सांगेल, पण गोष्टीत तो सापडतोच, असं तिचे साहेब म्हणायचे. वीस वर्षांत तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

त्या विश्वासाचा तिला घरीही उपयोग झाला. तिचे वडील, आप्पा, नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं हगणं-मुतणं धाकट्या भावाने, बाळ्याने काढलं. ताई वर्षातून दोनदा जायची, पाहुण्यासारखा चहा प्यायची आणि परत यायची. नातेवाइकांनी टोमणा मारला की म्हणायची, "बाळ्याचा पिंडच सेवेचा आहे. त्याला त्याचं काही वाटत नाही." स्वतःची समजूतही ती अशीच घालायची.

आप्पा गेले. महिन्याभराने बाळ्या चार दिवस तिच्याकडे राहायला आला. चष्म्याच्या काचा घासून द्यायचा धंदा करणारा माणूस, रिकामा बसला की त्याचे हात शिवशिवायचे. तिने त्याला ऑफिसात नेलं आणि चित्रं पुढे ठेवली. तिला चांगला भरघोस आकडा हवा होता. तो एकदा कागदावर आला, की नऊ वर्षांचं ओझं मनावरून उतरणार होतं.

बाळ्याने शाळेत लिहायचा तसं जीभ बाहेर काढून, मन लावून लिहिलं. तो बाहेर गेल्यावर तिने कागद ओढले.

पहिल्या चित्रात बाकावर एक म्हातारा आणि शेजारी तरुण मुलगा. बाळ्याने लिहिलं होतं, "हा मुलगा गाडीची वाट बघतोय. गाडी आली की एकटाच चढेल. त्याला खिडकीजवळ जागा मिळेल." दुसऱ्यात बाई दार ओढून घेऊन निघून गेली. तिसऱ्यात नावेत दोघं होते, त्यातला एक पोहत पार झाला. सहाच्या सहा गोष्टींत कुणीतरी जात होतं, आणि मागे वळून कुणीच पाहत नव्हतं.

तिने दोनदा तपासलं. मग नाव झाकून शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे कागद दिले. त्यांनी वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

"शून्य. ह्या माणसाला आजाऱ्याच्या आसपासही फिरकू देऊ नका, बाई!"

बाळ्या बाहेर खुर्चीवर बसला होता. "पास की नापास?" त्याने हसत विचारलं.

थाप तिच्या अगदी ओठांवर आली होती, पण मारवेना. "शून्य आलं रे," ती म्हणाली.

"बरोबर आहे." त्याला जराही नवल वाटलं नाही. "मला कुठे आवड होती गं त्याची. रोज सकाळी वाटायचं, पायात चप्पल सरकवावी आणि सुटावं. आप्पांना ते कळत असेल, एवढंच वाईट वाटतं."

"मग नऊ वर्षं राहिलास कसा?"

"दुसरं कोण होतं, ताई?"

टोमणा असता तर तिला भांडता आलं असतं. पण तो भुवया आक्रसून खरंच आठवून बघत होता, तेव्हा आणखी कुणी होतं का. ती समोर उभी होती, आणि तिचं नाव त्याच्या मनातही आलं नाही.