भिंगरीची पदवी आणि अंगणातली पिंपं

एका जागी बूड टेकत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ही भिंगरी आता ‘शाश्वत समुदाय विकास’ या विषयाची पदवीधर होणार होती. पण हा विषय म्हणजे नेमकं काय, ते तिच्या आईलाही धड सांगता येत नसे. आई शिवणकाम करायची. मापं द्यायला आलेल्या बायकांनी विचारलं, की तोंडातल्या टाचण्या सांभाळत ती म्हणायची, “लोकांनी एकत्र कसं नांदावं, त्याचं शिक्षण.”

“त्याला कॉलेज कशाला हवं?” मावशी फटकन म्हणाली होती. “सासरी पाठव, वर्षभरात शिकेल!”

शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून भिंगरीनं इमारतीच्या मागच्या अंगणात तीन पिंपं आणून ठेवली. चारही मजल्यांचा ओला कचरा त्यात टाकायचा आणि त्याचं खत करायचं. बाकीच्यांनी हो-ना करत मान डोलावली, पण तळमजल्यावरचे काका आडवे आले. ते निवृत्त तिकीट तपासनीस. जग आपल्याला फसवायलाच निघालंय, अशा नजरेनं बघायची सवय काही सुटली नव्हती. त्यात पिंपं नेमकी त्यांच्या खिडकीखाली.

“पोरी, ही घाण उचल!” पहिल्याच आठवड्यात ते गरजले. त्यात खोटं काही नव्हतं. कचरा फार ओला झाला होता आणि नाक धरून पळावं असा वास सुटला होता. भिंगरीनं सुताराकडून पोतंभर भुसा आणला, रोज सकाळी स्वतः पिंपं ढवळली. वास गेला, काकांची कुरकुर मात्र वर्षभर चालूच राहिली.

पदवीदानाला प्रत्येकाला दोनच पास होते. एक आईला, एक मावशीला. भिंगरीचं नाव पुकारलं तेव्हा आईनं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की पुढच्या रांगेतले गृहस्थ दचकले. पायात घोटाळणारा काळा झगा सावरत भिंगरी बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. तिच्या प्राध्यापकबाईंना गाठून काका तावातावानं बोलत होते.

‘झालं! आजच्या दिवशीही तक्रार!’ ती झगा उचलून तिकडे धावली.

“तुम्हाला आत कुणी सोडलं?” मावशीनं त्यांना गाठलंच.

काका कधी नव्हे ते ओशाळले. “शिरलो गर्दीतून. जन्मभर फुकटे पकडले, त्यांच्याकडून एवढंही शिकलो नसतो तर काय उपयोग?” मग भिंगरीकडे वळून म्हणाले, “तक्रार तुझीच आहे. तू चाललीस परगावी नोकरीला. पिंपांचं काय? आठ दिवसांत पुन्हा नाक धरून बसायचं का आम्ही?”

बाई हसल्या. “प्रश्न बरोबर आहे. तू गेल्यावर काम बंद पडणार असेल, तर त्याला शाश्वत कसं म्हणायचं गं?”

भिंगरीला ते लागलं. वर्षभर तिनं दुसऱ्या कुणाला ढवळायची काठीसुद्धा हातात घेऊ दिली नव्हती. आपल्याइतकं नीट कुणाला जमणार नाही, असंच तिला वाटायचं.  ती काकांकडे वळून म्हणाली, “काका, तुम्ही बघाल?”

“मी? अगं, मी विरोधात आहे!”

“म्हणून तर. वास आला की सगळ्यात आधी तुम्हालाच कळतो.”

मावशी खो खो हसत सुटली. गाल फुगवून काका खाकरले आणि म्हणाले, “काठी कुठे असते ती दाखवून जा.”

भिंगरी नोकरीवर रुजू झाली. पहिले काही दिवस ती रोज फोन करून विचारायची. मग काकाच एकदा वैतागून म्हणाले, “तुझं काम कर की! इथे काही अडलेलं नाही.” तिला थोडं वाईट वाटलं, थोडं हायसंही.

पहिल्या मोठ्या सुट्टीत ती घरी आली आणि बॅग दारातच टाकून मागच्या अंगणात धावली. तिची पिंपं तिथे नव्हतीच! त्यांच्या जागी टोमॅटोची झाडं वाऱ्यावर डुलत होती. पलीकडच्या भिंतीला सुतारानं बनवलेल्या खताच्या लाकडी पेट्या लागल्या होत्या, आणि वाफ्यापाशी काका आणि आई हातवारे करून भांडत होते. टोमॅटो आज तोडायचे की चार दिवसांनी, यावरून.

इथे तिचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, आणि सगळं कसं झकास चाललं होतं!

“बघत काय उभी राहिलीस?” आई ओरडली. “टोपली आण. आणि यांना सांग, पिकलेलं कशाला म्हणतात ते!”

“तिला काय विचारता?” काका म्हणाले. “ती आता पाहुणी!”

पाहुणी बाह्या सरसावून टोपली आणायला पळाली.