प्रयोगशाळेतल्या मोटरने पाहिलेले तालिब सर

मित्रांनो, मी एक जुनी विजेची मोटर आहे. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर मला बोल्टांनी पक्के बसवले आहे. मी कुठे जात नाही. माणसे माझ्याकडे येतात.

तालिब सर आले ते येमेनमधल्या एडन शहरातून. आधी विद्यार्थी म्हणून. शिक्षण संपत आले आणि त्यांच्या देशात लढाई पेटली. ते इथेच राहिले, पुढे शिकले, कसबा पेठेतल्या नजमाबाईंशी लग्न केले आणि याच प्रयोगशाळेत शिकवू लागले. नोकरी मात्र वर्षावर्षाच्या कराराची.

सरांना ‘ळ’ जमत नसे. ते ‘प्रयोगशाला’ म्हणत आणि मुले खाली मान घालून हसत. एकदा झाडू मारता मारता सफाईच्या इंदुबाई म्हणाल्या, “हसा हसा. इथं जन्मून तुम्हाला तरी कुठं धड येतंय?” त्यानंतर हसणे कमी झाले.

शिकवण्याआधी सर मला तेल देत, हाताने फिरवून बघत. ते माझे चांगले दिवस होते.

मग तो अपघात झाला. माझा वेग आवरून धरणारी एक तार असते. ती सुटली तर मी थांबत नाही, उलट बेफाम पळते. विश्रांतवाडीहून येणाऱ्या नम्रता नावाच्या विद्यार्थिनीने ती तार जोडली होती, पण स्क्रू सैल राहिला. मी सुरू झाले, तार निसटली आणि माझा आवाज वाढत गेला. मुले मागे पळाली. सर पुढे आले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. तेवढ्यात माझ्यावरचे झाकण फुटून त्याचा तुकडा त्यांच्या मनगटाला लागला. हाड मोडले.

त्याच वर्षी सरांना कायम करायचे ठरत होते. विभागप्रमुख हिंदुराव त्यांना माझ्याजवळ घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, “अपघाताच्या अहवालात त्या मुलीचं नाव लिहून द्या. तुमचं काम अडणार नाही.”

सर म्हणाले, “ती शिकायला आली आहे. तारा तपासायचं काम माझं होतं.”

कायमची जागा दुसऱ्याला मिळाली.

अपघातानंतर मला नवे झाकण बसवले, त्यानंतरच्या पहिल्या तासाला नम्रता भिंतीला टेकून उभी होती. हात प्लास्टरमध्ये असलेल्या सरांनी तिला जवळ बोलावले. प्रत्येक स्क्रू तिच्याकडून तपासून घेतला आणि म्हणाले, “आता तू सुरू कर.” तिने बटण दाबले. मी शांतपणे फिरले.

सर कायम झाले ते फार उशिरा, हिंदुराव निवृत्त झाल्यावर. आज ते विभागप्रमुख आहेत. प्रयोग आता संगणकाच्या पडद्यावर होतात. माझ्या सोबतिणी भंगारात गेल्या. माझ्यावर धूळ साचते, कोणी दप्तर ठेवते, कोणी चहाचा कप.

गेल्या महिन्यात एका नव्या शिक्षकाने सरांना विचारले, “जिच्यामुळे तुमचा हात मोडला, ती मोटर हीच ना? मग ठेवलीत कशाला?”

“दोष तिचा नव्हता,” सर म्हणाले.

ते माझ्याबद्दल बोलले की नम्रताबद्दल, मला कळले नाही. मित्रांनो, यंत्राला हात लावण्याआधी तारा तपासा. आणि तरीही काही मोडले, तर कोणाचे नाव सांगायचे हे नंतर बघा. आधी पुढे होऊन स्विच बंद करा.