भिकाजीच्या गॅरेजबाहेरची सीट

मित्रांनो, मी एका जुन्या जीपची मागची सीट आहे. जीप केव्हाच भंगारात गेली, मी तेवढी उरले. पोटात काथ्या, अंगावर चॉकलेटी रेक्झिन आणि मधोमध एक स्प्रिंग, ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझी जीप पाली ते रत्नागिरी माणसं वाहायची. माझ्यावर चौघांनी बसायचं असा नियम होता. पण एकदा अख्खी वरात बसली, बेंडबाज्यासकट, आणि वर ढोलवाला म्हणतो, जरा सरका, आमची आत्या यायचीय. खोटं वाटतं? वाटू दे. सरकले मी होते, मला ठाऊक.

पुढं हातखंब्याच्या चढावर जीपनं मान टाकली. तिला ओढत मिरजोळ्यात आणली, भिकाजीच्या गॅरेजात. भिकाजीनं तिची हाडं विकली, पण मला दारात जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर मांडली. गाडी दुरुस्त होईतो गिऱ्हाइकानं टेकावं म्हणून. माझे खरे दिवस तिथं सुरू झाले.

आमच्याकडं दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पहिला प्रश्न एकच, गाव कुठचा तुमचा? नाव मागाहून. गाव कळला की वाडी, वाडी कळली की घर, आणि घरापर्यंत पोचेतो कोणाची तरी मावशी कोणाची तरी काकी निघायचीच. मग आपसूक विषय निघायचा. पोरगा काय करतो? आयटीआय झालाय? मग पाठव की चाकणला, आमच्या लायनीवर माणूस हवाच आहे. एकजण बसला तेव्हा बेकार होता. चहा येईपर्यंत त्याला पिंपरीत काम लागलं, आणि कप खाली ठेवेतो राहायला खोलीपण मिळाली. अर्धं चाकण माझ्यावर बसून गेलंय. उरलेल्या अर्ध्याला जागा झाली नाही, ते उभं होतं.

दसऱ्याला भिकाजी पान्यांची पूजा करायचा तेव्हा झेंडूची एक माळ मलाही घालायचा. म्हणायचा, माझ्यापेक्षा हिनं जास्त पोरं मार्गाला लावली.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. माणसं बसायची तशीच बसायची, पण माना खाली.

भिकाजीची एक भाची आहे, सानिका. तिनं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय. गाड्यांचं वेड असं की लहानपणी बाहुली सोडून कार्बोरेटर कुशीत घेऊन झोपायची. तिच्या गावात फोनला रेंज नाही, म्हणून ती रोज मामाच्या दारात येऊन माझ्यावर बसायची आणि गाड्यांच्या कंपन्यांतल्या मोठ्या मोठ्या साहेबांना मेसेज पाठवायची. ओळख वाढवा, असं तिच्या फोनमधले एक सर शिकवायचे. उत्तर कोणाचंच यायचं नाही. तिचे बाबा मुंबईला औषधांच्या गोदामात आहेत. त्यांनी सांगून ठेवलेलं, गणपतीला येतो, तोवर गाड्यांतलं काम लागलं तर लागलं, नाहीतर चल माझ्याबरोबर पॅकिंगला.

श्रावणात एक दिवस रेडिएटर तापलेली एक गाडी आली. भिकाजी गाडीखाली शिरला, आणि गाडीचा मालक सानिकाच्या शेजारी येऊन बसला. हाफ पँट, वाढलेली दाढी, पायात रबरी चपला. तो फोनवर कोणाला तरी सांगत होता की विजेच्या गाड्यांची नवी लाइन सुरू होतेय, तिथं डिप्लोमावाल्या मुली घ्यायच्यात. मेसेज शेकडो येतात, पण मी ते उघडतच नाही, कोणी ओळखीतली असेल तर सांग. आणि जाता जाता म्हणाला, आज संगमेश्वरला घरी जाऊन आलो.

संगमेश्वर म्हणजे भिकाजीचं मूळ गाव, सानिकाचं आजोळ.

आणि सानिका? तिच्या कानात दोन्ही बाजूंनी बोंडं. अनोळखी माणसाशी ओळख कशी काढावी, हा सरांचा तास ती मन लावून ऐकत होती.

मला राहवेना. मी माझी स्प्रिंग वर काढली आणि त्याला टोचली. तो सरकला. मग तिला टोचली. तिनं कानातलं एक बोंड काढलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्याच्या ओठावर आलं होतं, मी बघितलं, गाव कु... एवढं आलं होतं. पण अनोळखी मुलीला घरगुती काही विचारू नये, असं त्याला कंपनीत शिकवलेलं. तो प्रश्न गिळला त्यानं.

"सीट जरा खराब आहे," तो म्हणाला.

"हो ना," सानिका म्हणाली, आणि बोंड परत कानात घातलं.

गाडी झाली, तो गेला. भिकाजी हात पुसत बाहेर आला. "कुठचा गो तो? गाव काय म्हणाला?"

"विचारलं नाय मामा. अनोळखी माणसाला असलं विचारायचं नसतं. गावठी दिसतं."

चार-आठ दिवसांनी तिनं मामाला फोन दाखवला. बघ, या साहेबांना कधीचा मेसेज पाठवलाय, चाकणला माणसं हेच घेतात, पण उत्तर नाय. फोटोत टाय, गुळगुळीत दाढी. भिकाजीनं फोन जवळ धरला, लांब धरला.

"बाय माझे," तो म्हणाला, "हा तर आपला रेडिएटरवाला."

सानिकानं फोन ओढून घेतला. मग तिनं पुन्हा लिहिलं, सर, आपण एका सीटवर बसलो होतो. त्यानं उघडलं नाही. तो उघडतच नाही, हे मला एकटीला माहीत.

गौरी-गणपती झाले. बाबांबरोबर निघायच्या सकाळी ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्यावर बसली. मी स्प्रिंग आत ओढून धरली. तेवढंच माझ्या हातात होतं. रिक्षा आली, ती गेली. गोदामात फोन बाहेर ठेवायला लावतात म्हणे.

आता दारात प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, एकमेकींपासून लांब लांब, प्रत्येकीला चार्जिंगची सोय. मी मागं काजूखाली पडलेय. काथ्या कोंबडी उपसते. या दसऱ्याला माळ आली नाही.

मित्रांनो, मला परत दारात मांडा असं मी म्हणत नाही. माझं झालं. तुम्ही कुठंही बसा, फक्त शेजारी जो बसलाय त्याला एकदा विचारा, गाव कुठचा तुमचा. दिसलं गावठी तर दिसू दे. त्या दिवशी मीच विचारणार होते. पण सीटला तोंड नसतं. नुसती स्प्रिंग असते.