तळाचा थर

सरकारी गोदामात काही मागायला गेलं की पहिला शब्द कानी पडतो तो "नाही". वाचकहो, तुम्हीही तो कधी तरी ऐकला असेल आणि मनातल्या मनात त्या कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे तेजरामबाबूही हा शब्द दिवसातून दहादा उच्चारत. गंमत अशी की ते लाचखाऊ नव्हते, कामचुकार तर मुळीच नव्हते. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक कापसाचा बोळाही घरी नेला नव्हता. तरी त्यांचं "नाही" खोटं असे.

ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची, दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्याची गोष्ट. गावाबाहेरचं एक धानाचं गोदाम सरकारनं औषधांसाठी ताब्यात घेतलं होतं. जिथं पोत्यांच्या थप्प्या लागत, तिथं आता मास्क, गोळ्या, इंजेक्शनं आणि विजेवर चालणारी ऑक्सिजनची मशीनं होती. कोंड्याचा वास मात्र गेला नव्हता. त्या वासात तेजरामबाबू सकाळी आठपासून टेबलाशी बसत आणि जिल्हाभरच्या दवाखान्यांना सामान पाठवत.

त्यांचा एक नियम होता. कोणतीही थप्पी उचलायची, पण तळाचा थर हलवायचा नाही. मास्क असोत की मशीनं, शेवटचा थर निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवायचा. असा आदेश कोणत्याही साहेबानं काढला नव्हता. तो त्यांच्या आईचा होता. कटंगीकडच्या खेड्यात त्यांच्या घरी धान साठवायची बांबूची, शेणामातीनं लिंपलेली ढोली होती. आई तिच्यातलं धान रोज काढायची, पण तळ कधी दिसू द्यायची नाही. "ढोलीचा तळ दिसला का घराची बरकत गेली," असं ती म्हणायची. लेक मोठा झाला, सरकारी नोकरीला लागला, आणि आईची ढोली त्यानं सरकारी गोदामात आणून ठेवली. आपल्या गोदामात एकही वस्तू कधी शून्यावर आली नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांनाही अभिमानानं सांगत.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. लामत्याच्या दवाखान्यातली नर्स ज्योत्स्ना बोलत होती.

"भाऊ, मशीन पायजे होते. तीन तरी द्या."

"मागणी पाठवून ठेवा, सिस्टर. नवीन माल आला का पयला नंबर तुमचाच."

"नवीन माल कवा येते?"

"ते काही सांगता येत नाही. पेशंट बालाघाटले पाठवा ना."

"तिथं बिछाना भेटला असता तर तुमाले फोन काहून केला असता?" ज्योत्स्नाचा आवाज चढला आणि लगेच बसला. "भाऊ, माह्याकडे तीन मशीन हायेत अन् सहा जण. पाळी लावली. अर्धा घंटा याले, अर्धा घंटा त्याले. वसंता अन् त्याची बायको राखी, दोघं एकाच मशीनवर. त्याची पाळी आली का तो म्हनते, मले बरं वाटून राह्यलं, हिलेच राहू द्या. तिची पाळी आली का ती बी तेच म्हनते. दोघंही खोटं बोलून राह्यले, भाऊ! आज संध्याकाळपर्यंत दोघांतलं एक जाते, हे मी लिहून देते."

तेजरामबाबूंची नजर निळ्या ताडपत्रीकडं गेली. तरी सवयीचा शब्द तोंडातून बाहेर पडलाच. "सिस्टर, सध्या माह्याकडे देण्यासारखं काही नाही."

फोन बंद झाला. कोपऱ्यात झाडू मारणारी रुख्माबाई थांबली होती. ही हट्टा गावची, पन्नाशी ओलांडलेली बाई. वारासिवनीच्या राइस मिलमध्ये वीस वर्षं पोती वाहून आता इथं रोजंदारीवर खोकी वाहत होती. मोजकं बोलायची, पण बोलली की ऐकावं लागे.

"बाबूजी, त्या ताडपत्रीखाली काय हाये?"

"तो तळाचा थर हाये. त्याले हात लावायचा नाही, तुले माहीत हाये."

"काहून?"

"उद्या याच्याहून मोठं संकट आलं तर?"

"याच्याहून मोठं अजून कोनतं यायचं राह्यलं?"

तेजरामबाबू चिडले. मग जरा ओशाळले आणि त्यांनी आईची, ढोलीची, बरकतीची सगळी हकिकत सांगितली. आपली बाजू पटेल अशी त्यांना खात्री होती. रुख्माबाईनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि झाडू भिंतीला टेकवला.

"तुमची माय खरं सांगत होती, बाबूजी. पन तुमी अर्धंच ऐकलं. ढोलीच्या तळाशी मानूस धान काहून ठेवते? ती बिजाई असते, पेरायचं बी. घरात उपास पडला तरी बाई त्याले हात लावत नाही. अन् पेरणीचा दिवस आला का तीच बाई ढोलीत उतरते, अन् शेवटचा दानाही झाडून काढते. पेरणीच्या दिवशी बिजाई ढोलीत ठेवली तर तिले किडे खाते, अन् वर्षभर घरालेही खायले भेटत नाही." तिनं ताडपत्रीकडं बोट केलं. "मले अक्षर येत नाही, पन येवढं समजते. तिकडे मानसं पाळीपाळीनं श्वास घेऊन राह्यले. आज पेरणी हाये, बाबूजी! आज नाही काढान तर कवा काढान?"

आई तेजरामबाबूंच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि या वेळी अर्धी नव्हे, पूर्ण. मृग लागला की पदर खोचून ती ढोलीत उतरायची. आतून झाडणीचा आवाज यायचा. बाहेर यायची तेव्हा केसांत धानाचा कोंडा, अंगभर धूळ आणि तोंडभर हसू! त्या दिवशी ढोली अगदी रिकामी असायची आणि आई कधी नव्हे इतकी खूश असायची. हे आपण विसरलो कसे? आईचं राखणं लक्षात ठेवलं आणि आईचं देणं विसरलो! त्यांना स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ताडपत्री ओढली. खाली चौदा मशीनं होती, खोक्यांवर कोंड्याची बारीक पूड बसलेली. त्यांनी जीपचालक प्रीतमला हाक मारली आणि लामत्याला फोन लावला.

"सिस्टर, तीन मशीन घेऊन मी स्वतः निघालो."

"आत्ता तर नाही म्हनलं तुमी!"

"खोटं बोललो होतो, सिस्टर."

प्रीतमनं जीप कशी हाणली ते विचारू नका. लामत्याच्या दवाखान्यात मशीनं उतरली आणि तेजरामबाबू खिडकीबाहेर उभे राहिले. आत दोन खाटा एकमेकींना लावलेल्या होत्या. राखीच्या नाकाला नळी होती. वसंताची पाळी कधीच आली होती, पण तो भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडला होता. ओठ काळेनिळे पडलेले. ज्योत्स्नानं नवं मशीन सुरू केलं आणि त्याच्या नाकाला नळी लावली. बोटावरच्या यंत्रात आकडा होता अठ्ठ्याहत्तर. मशीन घुर्र घुर्र करू लागलं. ऐंशी. ब्याऐंशी. मग बराच वेळ ब्याऐंशीच. तेजरामबाबूंनी खिडकीचा गज घट्ट धरला. पंच्याऐंशी. एकोणनव्वद. आणि एकदाचे ब्याण्णव!

वसंतानं डोळे उघडले. "सिस्टर... बरं वाटून राह्यलं."

"खरं सांगून राह्यला, का मंगाचच्यासारखं?"

"हौ. आता खरं."

शेजारच्या खाटेवर राखी रडता रडता हसली. बाहेर तेजरामबाबूंचा मास्क ओला झाला, आणि त्यांनी डोळे पुसायचाही प्रयत्न केला नाही.

परतल्यावर त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मागणीपत्राची वाट न पाहता एकेका दवाखान्याला स्वतः फोन लावला. किती माणसं आहेत, किती मशीनं चालू आहेत, काय कमी पडतं, सगळं विचारून कागदावर लिहून घेतलं. हमाल फकिरा आणि रुख्माबाई खोकी उचलत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं मशीन गेलं आणि गोदामाच्या फरशीचा तळ दिसला.

नेमका तेव्हाच वारासिवनीहून फोन आला. दोन मशीनं हवी होती. तेजरामबाबूंनी या वेळी जे "नाही" म्हटलं ते नोकरीतलं पहिलं खरंखुरं "नाही" होतं, आणि ते म्हणताना त्यांना दरदरून घाम फुटला. "पाहिलं? याच दिवसासाठी ठेवत होतो मी," ते रुख्माबाईवर खेकसले. तिचाही चेहरा उतरला होता. त्यांनी संगणकावर शिल्लकीच्या रकान्यात शून्य भरलं. चोवीस वर्षांतलं पहिलं शून्य!

तासाभरात वरच्या कार्यालयातून फोन आला. आता खरडपट्टी निघणार, या धास्तीनं ते उभ्यानंच बोलू लागले.

"तेजरामजी, आपके यहाँ पहली बार शून्य दिखा," पलीकडचा बाबू म्हणाला. "मशीनें तो हर हफ़्ते बँट रही थीं। पर जिसके यहाँ माल पड़ा दिखता है, उसका नंबर पीछे चला जाता है। दो बार आपकी गाड़ी दूसरे ज़िले को दे दी। बोलिए, कितनी चाहिए?"

तेजरामबाबू मटकन खुर्चीत बसले. दोन वेळा! ज्या थराला ते बरकत समजून कवटाळत होते, त्याच थरानं जिल्ह्याच्या वाट्याची गाडी दोनदा दारातून परत पाठवली होती! पण आता हळहळत बसायला वेळ नव्हता. समोर कागद होता आणि कागदावर प्रत्येक दवाखान्याची गरज होती. त्यांनी एका दमात सांगितलं, "सत्ताईस। और कौन सी कहाँ जाएगी, वह भी अभी लिखवा देता हूँ।"

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. या वेळी थप्पी लागलीच नाही. ट्रकमधून उतरलेलं खोकं जमिनीला न टेकता जीपमध्ये चढत होतं. पहिली दोन वारासिवनीला गेली, कारण तिथल्या डॉक्टरांनी उसन्या सिलिंडरवर एक रात्र कशीबशी काढली होती आणि दोन्ही रुग्ण तग धरून होते. संध्याकाळी रुख्माबाईनं रिकाम्या गोदामात झाडू फिरवला. तिच्या केसांत धानाचा कोंडा अडकला होता आणि ती हसत होती. तेजरामबाबू तिच्याकडं पाहतच राहिले.

"रुख्माबाई, माह्या मायची आठवन करून देली तुवं," ते म्हणाले.

जून उजाडला. एक दिवस वसंता आणि राखी बसनं गोदामावर आले. दोघांमध्ये धुतलेल्या पोत्यात गुंडाळलेलं मशीन होतं. सिस्टर आणूनच देणार होती, पण त्यांनी हट्टानं स्वतः आणलं होतं.

"उद्या पेरणी हाये, बाबूजी," वसंता म्हणाला. "त्याच्या आधी हे कोनाच्या तरी कामी आलं पायजे."

वसंता ते मागच्या भिंतीकडं नेऊ लागला, तसे तेजरामबाबू घाईनं पुढं झाले.

"तिकडे नको. इथं दाराशी ठेव. फोन आला का लगेच उचलता आलं पायजे."

वाचकहो, जपून ठेवणं हा चांगलाच गुण आहे. पण कशासाठी जपलं हे विसरलं की त्या जपण्याचं नुसतं अडवणं होतं. जनतेचं औषध भरल्या गोदामात शोभत नाही. ते माणसाच्या श्वासाला लागलं तरच औषध, नाही तर नुसतं खोकं. तुमच्या आमच्या घरीही लाटेच्या वेळी आणलेली वाफेची यंत्रं आणि बोटावरचे मीटर कपाटाच्या तळाशी पडून आहेत. शेजारच्याला गरज पडेल तेव्हा तो थर काढायचा धीर आपल्याला होवो.

तेजरामबाबू आजही त्याच टेबलाशी बसतात. फोन वाजला की "नाही" म्हणायची जुनी सवय ओठांशी येते, नाही असं नाही. पण ते ती गिळतात आणि आधी एकच गोष्ट विचारतात:

"तुमच्याकडे मानसं किती हायेत?"